मोठ्या मापाचा कपडा मिळवावा कसा?

तयार कपड्यांच्या दुकानात पाऊल ठेवताच विक्रेत्याने गिऱ्हाइकाला एकवार आपादमस्तक न्याहाळावे आणि मांडणीवरची एकही घडी न उलगडता 'यात तुमचं माप येणार नाही' असे सांगून मोकळे व्हावे, हा प्रकार ज्यांच्या छातीचे किंवा कमरेचे माप शेहेचाळीस इंचांच्या पुढे गेले आहे अशा असंख्य स्त्री-पुरुषांच्या अंगवळणी पडला आहे. त्या नकाराने होणारी मोठी हानी अशी की, पुष्कळजण त्याचा दोष स्वतःच्या देहावर घेतात आणि काखेत रुतणारा, पोटावर काचणारा, बसताक्षणी बटणांपाशी ताणला जाणारा, जो हाती लागेल तो कपडा निमूटपणे वापरू लागतात. वस्तुतः हा सारा कारखान्याच्या जमाखर्चाचा मामला आहे. कापडाचे थर एकावर एक रचून एकाच वेळी शेकडो नग कापले जातात, तेव्हा ज्या मापांचा खप अधिक तीच मापे मालक कापवून घेतो; मोठ्या मापाला कापड जास्त लागते, खप थोडा, आणि न खपलेला माल गोदामात अडकून पडण्याची भीती अधिक. शिवाय आपल्याकडील मापांची कोष्टके बहुतांशी परदेशी देहयष्टीवरून उचललेली आहेत. ही उणीव ओळखूनच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांतील सुमारे पंचवीस हजार भारतीय स्त्री-पुरुषांची मापे त्रिमिती यंत्राने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याची फळे बाजारात उतरेपर्यंत वाट पाहत बसण्याचे मात्र काही कारण नाही. कारण महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी आजही कापड मीटरवर मिळते आणि शिंपी हाकेच्या अंतरावर असतो. माझ्या मते विशाल अंगाच्या माणसाने प्रथम या दोहोंचा आश्रय करावा आणि तयार कपड्यांकडे नंतर वळावे.

आपल्या पूर्वजांना ही अडचण फारशी भासली नसावी. धोतर, उपरणे, लुगडे ही वस्त्रे शिवलेली नव्हतीच. बाराबंदी बंदांनी बांधली जाई, चोळीला पुढे गाठ मारली जाई, आणि सदऱ्याच्या दोन्ही अंगांना तिरकस कळ्या घालून घेर वाढवला जाई. बांधण्याच्या वस्त्रात देहाची कमीजास्त वाढ रोजच्या रोज सामावून घेण्याची सोय असते. काज-बटणांच्या आणि साच्याच्या कपड्यांनी ती सोय आपल्याकडून काढून घेतली. ती आता शिंप्याकडून मागून घेतली पाहिजे, आणि ती मागायची तर काय मागायचे याची पुरती माहिती आपल्यापाशी हवी.

आरंभ मापांपासून करावा. एक लहानशी वही घालून तीत, जे अंतर्वस्त्र नेहमी वापरतो ते अंगावर ठेवून, घरातील विश्वासाच्या माणसाकडून मापे घ्यावीत आणि तारीख घालून लिहून ठेवावीत : गळा, खांद्याच्या हाडापासून हाडापर्यंतची पाठ, छाती, पोटाचा सर्वांत मोठा घेर, कमर, नितंबांचा घेर, दंडाचा घेर, मांडीचा घेर, खांद्यापासून मनगटापर्यंतची बाही, आणि कमरेच्या पुढच्या मध्यापासून दोन मांड्यांमधून कमरेच्या मागच्या मध्यापर्यंतचे आसन. मापे घेताना पोट आत ओढू नये, श्वास रोखू नये. तसे केल्याने टेपवरचा आकडा कमी दिसतो आणि शिवून आलेला कपडा दिवसभर त्याचा सूड घेतो. पोट, नितंब आणि मांडी यांची मापे उभ्याने एकदा आणि खुर्चीवर बसून एकदा अशी दोनदा घ्यावीत. बसल्यावर देहाचा भार पसरतो आणि घेर वाढतो, स्थूल अंगात तर तो सहज दोन-तीन इंच वाढतो. ज्या माणसाला कचेरीत आठ तास बसावयाचे आहे त्याच्या कपड्याचे प्रमाण बसलेले माप हेच मानले पाहिजे.

ही वही घरी करण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. गर्दीच्या दुकानात मास्तर टेप लावतात, आकडा मोठ्याने पुकारतात, पलीकडे बसलेला मुलगा तो पावतीपुस्तकात टिपून घेतो, आणि 'कमर बावन्न' हे शब्द बाकावर बसलेल्या दहा माणसांच्या कानी पडतात. मास्तरांच्या मनात काही नसते. परंतु या एका संकोचापायी कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे नवे माप देतच नाहीत, जुन्याच मापावर ब्लाऊज शिवून घेतात आणि तो घट्ट होतो म्हणून हळहळतात. वही पुढे केली की हा प्रसंग टळतो. वहीसोबत अंगाला उत्तम बसणारा एक जुना कपडाही नमुन्यादाखल न्यावा, आणि त्यात कोठे सैल हवे, कोठे आखूड हवे, हे तोंडी न सांगता त्या त्या जागी टाचणीने कागदाची चिठ्ठी लावून सांगावे.

आता बेताविषयी. मोठ्या अंगाचा कपडा म्हणजे लहान कपड्याचीच सर्व बाजूंनी वाढवलेली आवृत्ती, या समजुतीने फार नुकसान केले आहे. पोट वाढले म्हणून माणसाचे खांदे तितक्या प्रमाणात रुंदावत नाहीत, हातही लांब होत नाहीत. तरीही वाढीव मापाच्या सदऱ्याचे खांदे दंडावर ओघळतात आणि बाह्या बोटांवर येतात. खांदा हाडाच्या मापाने बेतावा आणि घेर मांसाच्या मापाने, असे मास्तरांना स्पष्ट सांगावे. छातीच्या मापावर सदऱ्याला साधारण सहा इंच सैलपणा धरावा, परंतु पोट किंवा नितंब छातीहून मोठे असतील तर सहा इंच त्या मापावर धरावेत, छातीवर नव्हे. सदरा किंवा कुडता केवळ नितंबांवर अडकत असेल तर सगळा घेर वाढवण्याची गरज नसते. बाजूची चीर दोन-तीन इंच वर नेली की काम भागते.

काखेच्या बाबतीत मात्र जवळजवळ सर्वत्र चूक होताना दिसते, म्हणून तेथे थोडे थांबतो. आमच्या परिचयातील एका शिक्षिकेला फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर करताच ब्लाऊज कमरेवरून वर सरकण्याचा त्रास होता. काखेत आवळते असे सांगितले की शिंपी प्रत्येक वेळी मुंढा आणखी खोल कापून देई, आणि त्रास कमी होण्याऐवजी वाढे. याचे कारण सरळ आहे. मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाला अधिक खालून जोडलेली. हात वर गेला की ती बाही बाजूच्या सगळ्या कापडाला आपल्याबरोबर वर खेचते. शेवटी एका वयस्कर कारागिराने मुंढा इंचभर वर घेतला, बाही दंडापाशी रुंद केली, आणि काखेत अडीच इंचांचा एक चौकोनी तुकडा उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यावर कापून, कोन खाली-वर येईल अशा बेताने बसवला. तिरक्या धाग्यावरचे कापड ताणले जाते आणि पुन्हा मिटते. हात वर जाऊ लागला, ब्लाऊज जागेवर राहू लागला. काखेतल्या कळीची ही युक्ती पुरुषांच्या सदऱ्याला, झग्याला, पंजाबी पोशाखाच्या कुडत्याला, सर्वांना सारखीच लागू आहे. तिला हातभर कापडही लागत नाही, केवळ मागितली पाहिजे.

शिवायला टाकताना दुसरी मागणी मायेची करावी. शिवणीच्या आत दोन्ही अंगांना दीड-दीड इंच माया राखून ठेवली की अंग थोडे भरल्यास टीप उसवून कपडा वाढवता येतो. घाईतला कारागीर ती कापून टाकतो आणि मग चांगला कपडा निरुपयोगी होतो. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत तर ही माया अवश्य हवी. तिसरी मागणी कच्च्या शिलाईवर एकदा अंगावर घालून पाहण्याची. त्या वेळी आरशासमोर ताठ उभे राहून परत येऊ नये. स्टुलावर बसावे, वाकून चपलेला हात लावावा, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, दीर्घ श्वास घ्यावा, आणि जेथे ओढ जाणवेल ती जागा तेथल्या तेथे खडूने खुणावून घ्यावी. एवढी सवड मास्तरांना असावी म्हणून काळही निवडावा लागतो. लग्नसराईत आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत कोणताही शिंपी अशा नाजूक कामाला नीट वेळ देऊ शकत नाही; शाळांच्या गणवेशांची जूनमधली गर्दी ओसरल्यानंतर आणि गणपतीच्या आधी जे निवांत आठवडे मिळतात, ते या कामाला सर्वांत योग्य. बयाणा देतानाच कच्च्या शिलाईची तारीख पावतीवर लिहून घ्यावी.

कापड घेताना पन्हा विचारल्याशिवाय मीटर सांगू नयेत. छाती ४४ इंच असलेल्या माणसाचा सदरा सैलपणा धरून ५० इंच घेराचा होतो. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २५ इंच, त्यात दोन्ही बाजूंची मिळून तीन इंच माया, म्हणजे २८ इंच, आणि असे दोन भाग ५८ इंचांच्या पन्ह्यात शेजारी शेजारी बसतात. छाती ५० झाली की घेर ५६ होतो, एकेक भाग ३१ इंचांचा, दोन मिळून ६२. ते ५८ इंचांच्या पन्ह्यात बसत नाहीत, आणि म्हणून सदऱ्याच्या उंचीइतके कापड दोनदा घ्यावे लागते. उंची ४० इंच असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागेल, परंतु प्रत्येक भागाशेजारी उरलेल्या २७ इंचांच्या पट्ट्यात बाह्याही निघतात, तेव्हा कापड वाया जात नाही. ३६ किंवा ४४ इंच पन्ह्याचे कापड आवडले तर घ्यावे, मात्र आधी मास्तरांना विचारून; काउंटरवर अंदाजाने घेतलेले कापड शेवटी बाहीला अपुरे पडते आणि मग नाइलाजाने आखूड बाही घालावी लागते.

सुती कापड प्रथम धुण्यात आटते, ही गोष्ट मोठ्या मापाला अधिक बाधते. शंभरात चार भाग आटणारे कापड ३८ इंचांच्या घेरातून दीड इंच घेते, ५६ इंचांच्या घेरातून सव्वादोन. यंत्राने आधीच आटवलेले, 'सॅनफोराइज्ड' छापाचे कापड निघू लागले त्याला पुष्कळ वर्षे झाली, सॅनफर्ड क्लुएट यांनी त्या पद्धतीचे एकस्व १९३० साली घेतले. तरी सुटे सुती, खादी किंवा हातमागाचे कापड असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच शिंप्याकडे द्यावे. आपल्या दमट आणि उष्ण हवेत पॉपलीन, केंब्रिक, मलमल, हलकी खादी ही कापडे घाम शोषतात आणि वारा खेळू देतात. निव्वळ कृत्रिम धाग्याचे कापड चुरगळत नाही हे खरे, पण काखेत आणि पोटाच्या घडीत घाम साचून घामोळे आणि गजकर्ण यांना निमंत्रण मिळते. उभे पट्टे बारीक दाखवतात की आडवे, या चर्चेत मला स्वारस्य नाही. ज्याला जो रंग आणि जी नक्षी आवडते ती त्याने घ्यावी.

साडीविषयी स्वतंत्र सांगणे भाग आहे, कारण न शिवलेले वस्त्र सर्वांना पुरते असे आपण गृहीत धरतो. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची. नितंबांचा घेर ४० इंचांऐवजी ५२ असेल तर प्रत्येक वेढ्यामागे ३० सेंटीमीटर अधिक खर्ची पडतात, आणि कमरेपासून खांद्यापर्यंतच्या अडीच वेढ्यांत पाऊण मीटर साडी संपते. एका निरीला सुमारे २० सेंटीमीटर लागतात, तेव्हा तीन-चार निऱ्या कमी येतात, चालताना पाऊल अडते आणि पदर खांद्यावर जेमतेम टिकतो. उपाय दोन आहेत. साडीला ब्लाऊजपीस जोडलेले असेल तर ते कापूच नये, ब्लाऊजसाठी वेगळे मीटर-सव्वामीटर रुबियाचे कापड घ्यावे; एरवी मिळणारे ऐंशी सेंटीमीटरचे पीस मोठ्या मापाच्या बाहीसह ब्लाऊजला पुरत नाहीच. किंवा आत खोचण्याच्या टोकाला त्याच रंगाचे पाऊण मीटर साधे सुती कापड जोडून घ्यावे. ते पहिल्या वेढ्याखाली झाकले जाते आणि कोणास दिसत नाही.

परकराच्या नाडीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. नेफ्यातून ओवलेली बारीक नाडी साडीचा सारा भार एका रेषेत कमरेवर आणते. ती घट्ट आवळली की कातडी काळवंडते, चिरते, आणि त्याच जागी रोज घर्षण होत राहिल्यास जखम भरून येत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या वेढ्याखाली कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची वैद्यकीय नोंद केली, आणि २०२४ साली वर्ध्याच्या डॉक्टरांनी परकराची नाडी आणि कमरेला करकचून नेसलेले लुगडे यांमुळे झालेल्या अशाच विकाराचे वृत्त प्रसिद्ध केले. हा विकार अत्यंत विरळा आहे, घाबरण्याचे कारण नाही. परंतु कमरेवर महिनोन्‌महिने न भरणारा व्रण असेल तर तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. नाडीऐवजी तीन इंच रुंद, दुपदरी पट्टीचा परकर शिवून घ्यावा, पट्टीला हुकांच्या दोन-तीन ओळी लावाव्यात, आणि घेर सहा कळ्यांऐवजी आठ कळ्यांचा करावा.

अंतर्वस्त्रांची निवड चुकली तर वरचा कोणताही कपडा सुख देत नाही. ब्रेसियरसाठी छातीखालचा घेर आणि छातीचा पूर्ण घेर अशी दोन मापे घ्यावी लागतात; पट्ट्याचा आकडा पहिल्यावरून ठरतो आणि कपाचे अक्षर दोहोंतील अंतरावरून, इंचामागे एक याप्रमाणे ए, बी, सी, डी. लहान गावातील दुकानांत मोठे कप ठेवत नाहीत, म्हणून पट्टा वाढवून देतात. तो पाठीवर वर चढतो, सारा भार खांद्यांवरच्या पट्ट्यांवर येतो आणि खांद्यांत खोल वळ उमटतात, मान दुखू लागते. भार खालच्या पट्ट्याने पेलला पाहिजे. खांद्यावरची पट्टी इंचभर रुंद असावी, आणि नवी ब्रेसियर सर्वांत बाहेरच्या हुकावर बसणारी घ्यावी, म्हणजे पुढे सैल पडल्यावर आतले हुक हाताशी राहतात. पुरुषांच्या गंज्यांवर छातीचे माप सेंटीमीटरमध्ये छापलेले असते. ११० च्या पुढची गंजी गावात न मिळाली तर शहरातून एकदम सहा महिन्यांची बेगमी करून ठेवावी. चालताना मांड्या घासून कातडे सोलवटते, त्यावर गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी, शिवण मांडीच्या आतल्या बाजूस न येणारी, मऊ सुती अर्धी विजार हा खात्रीचा इलाज आहे. स्त्रियांनी ती परकराच्या आत वापरण्यास बिलकूल संकोच करू नये.

पँटसंबंधी थोडक्यात : पोटाखाली पट्टा आवळून पँट सावरणे सोडून द्यावे, कारण घट्ट पट्ट्याखाली मांडीच्या बाहेरच्या अंगाकडे जाणारा मज्जातंतू दाबला जाऊन तेथे बधिरपणा आणि जळजळ होऊ शकते. मागच्या अर्ध्या कमरपट्टीत इलॅस्टिक घालून घ्यावे, पुढे दोन प्लेट्स ठेवाव्यात, किंवा जुन्या पद्धतीचे गॅलिस लावावे. आणि नव्या पँटच्या आतून, मांड्या जेथे घासतात तेथे, पहिल्याच दिवशी कापडाचा तुकडा लावून घ्यावा.

तयार कपडे घ्यावयाचे तर एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा : छापलेले माप अंगाचे आहे की कपड्याचे? एका कारखान्याचा चव्वेचाळीस म्हणजे चव्वेचाळीस छातीच्या माणसाचा सदरा असतो, दुसऱ्याचा म्हणजे सदऱ्याचाच घेर. 'डबल एक्सेल', 'ट्रिपल एक्सेल' या अक्षरांवर तर मुळीच विसंबू नये. आपला उत्तम बसणारा कपडा सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजावे, त्याची दुप्पट करावी, आणि हाच आकडा विक्रेत्यापुढे ठेवावा. घरपोच मागवताना परत घेण्याची मुदत, आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाकडे, याची आधी खातरजमा करावी. सर्वांत मोठ्या घेराला बसणारा कपडा घेऊन बाह्या आखूड करणे आणि बाजू आत घेणे सोपे व स्वस्त पडते. अरुंद कपडा रुंद होत नाही. मुंबईत मंगळदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबाग, येथे कापड, अस्तर, रुंद पट्ट्या, हुक सारे एकाच फेरीत मिळते. गावच्या दुकानदाराला मात्र नुसते 'नाही का?' विचारून परतू नये. आपले माप, नग आणि दूरध्वनी क्रमांक त्याच्या वहीत लिहून यावे. मागणी लेखी दिसली की पुढच्या खरेदीच्या खेपेला तो चार नग आणण्याचे धाडस करतो.

हे सर्व एकदम अमलात आणण्याची आवश्यकता नाही. या महिन्यात मापांची वही करावी, आटवलेल्या सुती कापडाचा एकच सदरा किंवा एकच ब्लाऊज नमुन्यादाखल शिवून घ्यावा, तो दोन धुण्यांनंतर दिवसभर घालून पारखावा, काही खटकले तर तो घेऊन मास्तरांकडे पुन्हा जावे. आणि तो कसोटीला पूर्ण उतरला की मगच, त्याच बेताने, पुढचे कपडे शिवायला टाकावेत.